चौतीस स्फोट आणि वीस अंशांचं वर्तुळ

सोमारी नरोटे आकाशाकडे फारशी बघत नाही. ज्या स्फोटांवर तिने पाच वर्षं काम केलं ते डोळ्यांना दिसत नाहीत, जमिनीवरच्या दुर्बिणीलाही नाहीत, कारण गॅमा किरण वातावरणातच अडतात. ते उपग्रहाला दिसतात. स्फोट कधी झाला, कोणत्या दिशेला झाला आणि किती सेकंद टिकला हे उपग्रह टिपतो. ती यादी इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुली असते. ब्रह्मपुरीच्या एका महाविद्यालयात, संख्याशास्त्र विभागातल्या खिडकीजवळच्या टेबलावर, सोमारी ती यादी उतरवून घेते आणि मोजायला बसते.

ती आता सदतीस वर्षांची आहे. या महाविद्यालयात ती तासिका तत्त्वावर शिकवते, म्हणजे दर जूनमध्ये नव्याने अर्ज करते आणि दर एप्रिलमध्ये मोकळी होते. असे बरेच जून झाले. बोलणं मोजकं. फळ्यावरचं अक्षर मोठं. एखाद्या विद्यार्थ्याने “साधारण” हा शब्द वापरला की ती विचारते, “साधारण म्हणजे किती?” आणि उत्तर येईपर्यंत पुढे जात नाही.

तिचं गाव जांभळीटोला, धानोरा तालुक्यात, बत्तीस घरांचं. वडील ती आठवीत असताना वारले. आई बुधरी गावातच असते. पावसाळ्यात धान, उन्हाळ्यात मोहफुलं आणि तेंदूपत्ता, हिवाळ्यात हिरडा. सोमारी आश्रमशाळेत शिकली, अकरावी-बारावी गडचिरोलीला केली आणि पदवीसाठी ब्रह्मपुरीला आली. गणिताच्या जागा भरल्या होत्या म्हणून संख्याशास्त्र घेतलं. आवड होती का, असं कुणी विचारलं तर ती सांगते, “नाही. जागा होती.”

आवड लागली ती नागपूरहून एम.एस्सी. करून परतल्यावर, सिंदेवाहीच्या धान संशोधन केंद्रात दोन वर्षं हंगामी सहायक म्हणून राबताना. तिथे धानाच्या नव्या वाणांची चाचणी चालायची. एकाच शेताचे चोवीस वाफे पाडायचे आणि कोणत्या वाफ्यात कोणतं वाण लावायचं हे चिठ्ठी काढून ठरवायचं. चांगल्या जमिनीत आवडतं वाण पडू नये म्हणून ही चिठ्ठी. सोमारी दोन वर्षं गुडघाभर चिखलात उभी राहून फुटवे मोजत होती. तिथे तिला एक गोष्ट पटली. माणसाला स्वतःवर विश्वास ठेवून निवड करता येत नाही, चिठ्ठीवर ठेवून करता येते.

तिला पीएच.डी.कडे वळवलं ते तिचे जुने शिक्षक डॉ. मुश्ताक काझी यांनी. काझी सर ब्रह्मपुरीचेच. त्यांच्या वडिलांचं बसस्थानकासमोर घड्याळ दुरुस्तीचं दुकान होतं. विषय निवडताना सरांनी हिशेब साधा केला. प्रयोगशाळा नाही, उपकरणं नाहीत, प्रवासाला सुट्टी नाही. मग असा विषय घ्या, ज्याला फक्त यादी लागते.

“वरतं किती स्फोट होतात ते नासाचा फर्मी उपग्रह मोजून राह्यला,” सर म्हणाले होते. “फुकट देऊन राह्यला. आपण फक्त विचारायचं, ते सगळीकडे सारखे पडतात का?”

प्रश्न दिसतो तितका रिकामा नाही. एखादा प्रचंड तारा मरतो किंवा दोन मेलेले तारे एकमेकांवर आदळतात तेव्हा काही सेकंद गॅमा किरणांचा झोत सुटतो. पन्नासेक वर्षांपूर्वी असे स्फोट पहिल्यांदा लक्षात आले तेव्हा ते जवळ होतात की दूर, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. ते आपल्या आकाशगंगेत होत असते तर आकाशातल्या त्या दुधी पट्ट्यालगत त्यांची गर्दी झाली असती. नव्वदच्या दशकात अडीच हजारांवर स्फोटांची यादी तयार झाली आणि गर्दी कुठेच दिसली नाही. सगळ्या दिशांना सारखेच. म्हणजे ते आकाशगंगेच्या फार पलीकडून येतात. याचा पहिला भक्कम पुरावा मोजणीतून मिळाला, दुर्बिणींनी दुजोरा नंतर दिला. तरी वाद शिल्लक राहिला. अमुक भागात स्फोटांचा पुंजका आहे असं काही संशोधक म्हणतात, इतर त्यांची आकडेमोड खोडून काढतात.

वाद का राहतो हे सोमारी पहिल्या वर्षाच्या वर्गाला मूठभर तांदळांनी दाखवते. काळा कागद जमिनीवर पसरायचा आणि तांदूळ उधळायचे. मुलांची अपेक्षा असते की दाणे सगळीकडे सारख्या अंतरावर पडतील. तसं कधीच होत नाही. इथे पाच दाणे चिकटून, तिथे वीतभर मोकळं. “हे कुणी मुद्दाम केलं का?” ती विचारते. नाही. नशिबाने पडलेल्या दाण्यांचे पुंजके होतातच. प्रश्न एवढाच की समोरचा पुंजका नशिबाने होतो तेवढाच आहे की त्याहून मोठा.

दुसरी अडचण उपग्रहाची. त्याला सगळं आकाश सारखा वेळ दिसत नाही. खाली पृथ्वी आडवी येते, आणि ठरावीक पट्ट्यावरून जाताना उपकरणं बंद ठेवावी लागतात. म्हणून काही भागांवर त्याची नजर जास्त वेळ असते आणि तिथले स्फोट जास्त नोंदले जातात. सोमारीच्या गावी याला स्पष्टीकरण लागत नाही. मार्चमध्ये प्रत्येक घर आपापल्या मोहाखालची जमीन झाडून स्वच्छ करतं, पालापाचोळा काढतं. मग पडलेलं फूल दिसतं. झाडलेल्या जागेत फुलं जास्त सापडतात म्हणून तिथेच जास्त पडली असं गावात कुणी म्हणत नाही. सोमारीने उपग्रहाच्या नजरेचा असा नकाशा बनवला, कुठे किती “झाडलं” ते अंशाअंशाने मांडलं, आणि सगळे आकडे त्याने भागून घेतले. तिच्या प्रबंधातलं हे तिसरं प्रकरण. ते वाचणाऱ्या कुणीही त्यात चूक काढलेली नाही.

चूक चौथ्या प्रकरणात होती.

२०२१च्या हिवाळ्यात तिला पुंजका सापडला. दोन सेकंदांपेक्षा कमी टिकणारे स्फोट वेगळे काढले तर यादीत ते ५९६ होते. आकाशाच्या एका भागात वीस अंश त्रिज्येचं वर्तुळ काढलं की त्यात ३४ पडत होते. त्या वर्तुळाच्या वाट्याला यायला हवे होते १८. नुसत्या नशिबाने अठराच्या जागी चौतीस पडण्याची शक्यता हजारात एकापेक्षा कमी. तिने उपग्रहाची नजर पुन्हा तपासली. दोष त्या नजरेचा नव्हता. काझी सरांनी आकडे स्वतः मांडून बघितले, तेच आले. दोघांच्या नावाने लेख परदेशी नियतकालिकाकडे गेला, दोन तज्ज्ञांनी वाचला, किरकोळ दुरुस्त्या सांगितल्या आणि २०२२च्या मार्चमध्ये स्वीकारला गेला.

बातमी जांभळीटोल्यापर्यंत पोचली ती सोमारीनेच आईला सांगितली म्हणून. बुधरीने दोनच गोष्टी विचारल्या. कोणत्या बाजूला? आणि तिथं काय आहे? सोमारीने अंगणातून दाखवलं. गावचे लोक सप्तर्षींतल्या ज्या चार ताऱ्यांना म्हातारीची खाट म्हणतात, तिच्या पायथ्याच्या डाव्या अंगाला. तिथं काय आहे ते मात्र माहीत नाही. बुधरीला हे उत्तर पुरलं. आठवडाभरात गावातला प्रत्येक जण पाहुण्याला खाटेच्या डाव्या अंगाला बोट दाखवू लागला.

त्या वर्षी सोमारीच्या पुढे एकच तारीख होती, ३१ जुलै. पीएच.डी.च्या नोंदणीला मिळालेली वाढीव मुदत त्या दिवशी संपत होती. प्रबंध तोवर गेला नाही तर नोंदणी रद्द आणि पाच वर्षं वाया. शिवाय महाविद्यालयात संख्याशास्त्राची एक कायम जागा निघणार होती आणि तिला पदवी लागणार होती. तीन प्रकरणं तयार होती, चौथं जवळजवळ तयार होतं. सगळा प्रबंध त्या चौथ्यावर उभा होता.

एप्रिलच्या शेवटी, मोहफुलं संपल्यावर आणि तेंदूपत्ता सुरू होण्याआधी जे आठ-दहा दिवस मिळतात त्यात ती गावी गेली. गावाला सामूहिक वनहक्क मिळालेला आहे. सहाशे चाळीस हेक्टर जंगल ग्रामसभेच्या ताब्यात. कोणता भाग वापरायचा आणि कोणता पुन्हा वाढू द्यायचा याचा आराखडा करायचा होता, आणि त्यासाठी झाडं किती हे हवं होतं. सगळी झाडं मोजणं अशक्य. सोमारीने नकाशावर चौकोन आखले, त्यांना एक ते दोनशे छप्पन क्रमांक दिले, त्यांच्या चिठ्ठ्या सुपात टाकल्या आणि गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईकडून त्यातल्या तीस काढून घेतल्या. त्या तीस चौकोनांतच मोजायचं. पेनठाणा, म्हणजे देवाची राई, ज्या चार चौकोनांत येते ते चिठ्ठ्या टाकण्याआधीच वगळले, कारण तिथे मोजमाप करत नाहीत. ते ग्रामसभेत ठरलं होतं. मोजणाऱ्यांसाठी तिने एक पानाची सूचना लिहिली आणि तिच्या झेरॉक्स वाटल्या. तिसरी सूचना अशी होती: “जागा आधी ठरवायची, झाडं नंतर बघायची. झाडं बघून जागा हलवायची नाही.”

मोजणीचा मुकादम वनहक्क समितीचा अध्यक्ष झिंगू भाऊ. साठीचा, चपळ, जंगल तळहातासारखं माहीत असलेला. तिसऱ्या दिवशी सोमारी त्याच्या तुकडीजवळ गेली तेव्हा दोरी भर मोहाच्या दाटीत ताणलेली होती आणि दोघं जण खोडांवर चुन्याच्या खुणा करत होते. गावात बोलणं गोंडीत आणि झाडीपट्टीच्या मराठीत असं दोन्हीत चालतं. तुकडीत वनरक्षक होता म्हणून त्या दिवशी मराठीत चाललं होतं.

“भाऊ, हा कोन्ता चौकोन?”

“एकशे एकोणचाळीस.”

“एकशे एकोणचाळीस तं खडकावर पडला होता.”

“पडला होता ना. मंग आम्ही त्याले उचलून इथी आनला. तिथी एक झाड नाई, मास्तरीन. धोंडे मोजू का?”

“धोंडे नका मोजू. शून्य लिहा.”

“शून्य लिहाले एवढ्या उन्हात काऊन चालाचं? घरी खाटेवर बसून लिहलं असतं.”

चुना लावणारे दोघं हसले. वनरक्षकही हसला. सोमारी हसली नाही.

“तुम्ही मोहा पाहून दोरी टाकली, अन् मंग कागदावर लिहता का दोरीत मोहा लय हाये. असं नाई चालत.”

“काऊन नाई चालत? हा मोहा खोटा हाये का? हात लावून पाय.”

“मोहा खराच हाये, भाऊ. हिसाब खोटा हाये.”

झिंगू भाऊने दोरी गुंडाळली. सगळे पाऊण तास चालून खडकावर गेले, दोरी ताणली, शून्य लिहिलं आणि परत आले. संध्याकाळी तो बुधरीच्या अंगणात येऊन म्हणाला, “बाई, तुया पोरीनं आज आमच्याकडून दगडाची मोजनी करून घेतली. सरकारी मानूस बी याच्याहून जास्त दयामाया दाखोते.” बुधरी म्हणाली, “लहानपणापासून तशीच हाये. मोहाच्या टोपलीत काडी निघाली तं पुरी टोपली उलटी करे.”

दुसऱ्या दिवशी सोमारी परत निघाली. गावाहून धानोऱ्यापर्यंत जीप, तिथून गडचिरोली, मग आरमोरीची बस. आरमोरीच्या थांब्यावर बस अर्धा तास उभी होती. तिने पिशवीतून लेखाची छापील प्रत काढली. छपाईआधी शेवटची तपासायला आली होती. दुसऱ्या पानावर वाक्य होतं: “आम्ही वीस अंश त्रिज्येचं वर्तुळ घेतलं.” त्या वाक्यावर ती थांबली. वीसच का?

उत्तर तिच्या वहीत होतं, कारण ती सगळं वहीत लिहिते. ब्रह्मपुरीला पोचल्यावर तिने २०२१ची वही उघडली. नोव्हेंबरच्या नोंदी: दहा अंश, काही नाही. पंधरा, थोडं. वीस, ३४. पंचवीस, कमी झालं. तीस, गेलं. त्याआधीच्या पानांवर स्फोटांचे गट: सगळे स्फोट, काही नाही. लांबलेले, काही नाही. दोन सेकंदांच्या आतले, आहे. आणि वर्तुळाचं केंद्र? ते तिने चिठ्ठी काढून ठरवलं नव्हतं. नकाशावर ठिपके जिथे दाट दिसले तिथे टेकवलं होतं. मग थोडं उत्तरेला सरकवलं होतं, कारण तीन ठिपके बाहेर राहत होते.

हजारात एक हा आकडा तेव्हाच खरा, जेव्हा वर्तुळ आधी ठरलेलं असतं. तिने ते स्फोट बघून काढलं होतं. शेकडो ठिकाणं, पाच मापं, तीन गट असं धुंडाळून सगळ्यात दाट जागा निवडली होती आणि जणू पहिल्याच चिठ्ठीत तीच निघाली असा हिशेब मांडला होता. दोन्ही तज्ज्ञांच्या हे लक्षात आलं नाही, कारण वही त्यांच्यासमोर नव्हती.

काझी सर त्या दिवशी घरीच होते. तिने वही त्यांच्यापुढे ठेवली. सरांनी सगळी पानं बघितली, चष्मा काढला, पुन्हा घातला.

“तज्ज्ञांनी पकडलं नाही. तू काऊन पकडते?”

“मले माहीत आहे ना सर.”

“माहीत तर आता मलेही झालं. मुसीबत हीच आहे.” त्यांनी वही मिटली. “शोधाशोध धरून हिशेब केला तर किती दिवस लागतील?”

“दहा हजार खोटी आकाशं बनवावी लागतील. प्रत्येकात कम्प्युटरने स्वतःची दाट जागा शोधायची. मी जशी शोधली तशीच, सगळी मापं, सगळे गट लावून. माझ्या मशीनवर सात महिने.”

“आपल्याकडे तीन आहेत. महिने.”

“लॅबमध्ये एकवीस मशीन आहेत. सुट्टी आहे.”

“आणि त्यातून तुझा पुंजका गेला तर?”

“गेला तर गेला.”

“असं तू आता म्हणते. जुलैमध्ये चौथं प्रकरण काय छापशील?”

तिने एकवीस मशीनचा हिशेब वहीच्या मागच्या पानावर मांडून दाखवला. सरांनी प्राचार्यांना लॅबसाठी अर्ज लिहिला. नियतकालिकाला कळवलं की छपाई थांबवा.

ब्रह्मपुरीचा मे महिना देशभर तापमानाच्या बातम्यांत येतो. लॅबमध्ये दोन कूलर होते, त्यातला एक पाणी गळायचा. लॅब सांभाळणारी मोनाली सकाळी सात वाजता येऊन मशीन सुरू करायची आणि दुपारी दीडला बंद करायची, कारण त्यानंतर मशीन तापून आपोआपच बंद पडायची. वीज जायची ती वेगळीच. सोमारीने हे धरूनच काम मांडलं होतं. प्रत्येक मशीन पन्नास आकाशं झाली की निकाल जपून ठेवायचं आणि पुढे जायचं.

“म्यॅडम, दोन नंबर अन् अकरा नंबर बसले.”

“बसले म्हणजे?”

“तापले. पडदा काळा झाला. बेहोश.”

“किती आकाशं झाली होती?”

“अकराची तीनशे सत्तर.”

“मग वीसच गेली. तीनशे पन्नासपासून पुन्हा लाव.”

“वीस आकाशं गेली अन् तुम्ही ‘वीसच’ म्हणता. मी एक कप चहा सांडला तं मले अर्धा घंटा बोलल्या होत्या.”

“चहा वहीवर सांडला होता.”

खोटं आकाश म्हणजे काय हे मोनालीला तिसऱ्या दिवशी समजलं आणि मग ती मशीनने शोधलेल्या जागांचे आकडे स्वतःच वाचून दाखवू लागली. ५९६ ठिपके नशिबाच्या हवाली करायचे, उपग्रहाची नजर जिथे जास्त तिथे थोडे जास्त पडू द्यायचे, आणि मग त्यात सगळ्यात दाट जागा हुडकायची. कोणत्याही आकाशात काही ना काही सापडायचंच. पहिल्याच दिवशी एका मशीनने सोमारीच्या पुंजक्याहून दाट पुंजका काढून दाखवला, जिथे मुळात कुठलाही स्फोट झालेला नव्हता. सोमारीने तो पडद्यावर बराच वेळ बघितला. तो तिच्या पुंजक्यासारखाच दिसत होता.

दहा हजार आकाशं २४ जूनला पूर्ण झाली. त्यातल्या २,३१७ आकाशांत तिच्याइतकी किंवा तिच्याहून दाट जागा होती. हजारात एक नव्हे, जवळजवळ चारात एक. तिला सापडलं ते नशिबाने सहज सापडण्यासारखं होतं.

लेख त्याच आठवड्यात मागे घेतला. संपादकाचं उत्तर दोन ओळींचं आलं: कळवल्याबद्दल आभार, फाइल बंद केली आहे. सोमारीने चौथं प्रकरण पहिल्या वाक्यापासून पुन्हा लिहिलं. वहीतल्या सगळ्या नोंदी तारखांसकट परिशिष्टात टाकल्या: काय काय करून बघितलं, काय निघालं नाही, वर्तुळ किती वेळा हलवलं. काझी सरांनी एकदा विचारलं की “हलवलं” ऐवजी “समायोजित केलं” लिहावं का. ती म्हणाली, “हलवलं होतं, सर.” प्रबंध २९ जुलैला विद्यापीठात पोचला.

पुढचं सरळ झालं नाही. दोन बाह्य परीक्षकांपैकी एकाने प्रबंध स्वीकारावा असं लिहिलं. दुसऱ्याने लिहिलं की उमेदवाराने कोणताही सकारात्मक निष्कर्ष काढलेला नाही, तेव्हा सुधारून पुन्हा सादर करावा. हा अहवाल सात महिन्यांनी आला. मधल्या काळात महाविद्यालयातली कायम जागा निघाली आणि भरली गेली. सोमारीला अर्ज करता आला नाही. जूनमध्ये तिने तासिका तत्त्वाचा अर्ज केला, नेहमीसारखा.

परीक्षकाच्या आक्षेपाला तिने चार पानांचं उत्तर दिलं. निष्कर्ष बदलला नाही. तोंडी परीक्षा २०२३च्या ऑगस्टमध्ये झाली. दुसरे परीक्षक स्वतः आले होते, पांढऱ्या मिश्यांचे, आवाज खालच्या पट्टीतला. त्यांनी प्रबंध उघडून ठेवला होता.

“तुम्ही स्वतःचाच शोध मोडून काढला आहे. स्वीकारलेला लेख मागे घेतला आहे. मग हा प्रबंध कशाचा?”

“शोध तपासायचा कसा, याचा.”

“ते तर पुस्तकांत आहे.”

“आहे, सर. मी पुस्तक शिकवते. तरी चुकले. म्हणून कसं चुकले ते परिशिष्टात लिहिलं आहे. माझ्यासारखी वही प्रत्येकाकडे असते. छापत कुणी नाही.”

परीक्षक काही पानं मागेपुढे करत राहिले.

“समजा तो पुंजका खरा असेल तर? तुमच्या गणिताने तो खोटा ठरत नाही. फक्त सिद्ध होत नाही.”

“बरोबर. तो असू शकतो.”

“मग?”

“एकशे बाराव्या पानावर वर्तुळाचं केंद्र आणि त्रिज्या दिली आहे, सर. तारखेसकट. एक ऑगस्ट २०२२ नंतर होणारे दोन सेकंदांच्या आतले स्फोटच आता धरायचे. जुने नाहीत. वर्तुळ आता हलवता येणार नाही, मलाही नाही.”

त्यांनी एकशे बारावं पान काढलं, वाचलं आणि खालच्या बाजूला पेन्सिलीने छोटी खूण केली. बाकीचे प्रश्न दहा मिनिटांत संपले. पदवी मिळाली.

आता तिच्या टेबलावर रोजच्या कामाच्या वह्यांशेजारी एक वेगळी वही असते. महिन्यातून एकदा ती यादी उतरवून घेते, दोन सेकंदांच्या आतले नवे स्फोट वेगळे काढते आणि वर्तुळात किती पडले ते लिहिते. बहुतेक महिन्यांत शून्य असतं. त्या वर्तुळाच्या वाट्याला साधारण तेहेतीस स्फोटांमागे एक यायला हवा. पुंजका खरा असेल तर त्याच्या जवळजवळ दुप्पट. अलीकडे विचारलं तेव्हा नव्या स्फोटांची संख्या ९१ झाली होती. नशिबाच्या हिशेबाने त्यातले पावणेतीन वर्तुळात पडायला हवे होते. पडले होते तीन.

म्हणजे पुंजका नाहीच असं आता म्हणायचं का, या प्रश्नावर तिने नकारार्थी मान हलवली.

“एक्याण्णव फार थोडे आहेत. दोनशे होऊ द्या. मग विचारा.”

दोनशे व्हायला वेग बघता आणखी अडीच-तीन वर्षं लागतील. तिने वही मिटली आणि दुसऱ्या वर्षाच्या तासाला निघून गेली.